एक्केचाळीस नंबरचा आवाज

३ मार्च, सोमवार

पोरी,

त्या दिवशी सकाळी मी एकशे बारा नंबरच्या बेअरिंगपाशी थांबलो. थांबलो आणि पुढे निघून गेलो.

एवढं लिहायला मला अकरा दिवस लागले. आता पुढचं लिहितो.

आपला ठिपका गेला, हे आईने तुला फोनवर सांगितलंच असेल. कसा गेला ते सांगितलं नसेल, कारण मी तिलाच पुरतं सांगितलेलं नाही. कारखान्यात वाळवणीच्या बाजूला, जिथे ओला कागद तापलेल्या रुळांवरून सुकत सुकत पुढे सरकतो, तिथला एक रूळ खाली आला. त्याच एकशे बाराचं बेअरिंग जाम झालं, दांडा पिळला गेला आणि तुटला. ठिपका खाली तेलाची कुपी घेऊन वाकलेला होता. सात वाजून वीस मिनिटं झाली होती. मी तिथून सातला गेलो होतो.

तू लहान असताना त्याने तुला जुन्या बेअरिंगचा भोवरा करून दिला होता. तू विचारलंस, "काका, तुम्हाला ठिपका का म्हणतात?" तर म्हणाला, "मी यंत्राला एका वेळी एकच ठिपका तेल देतो. जास्त दिलं की ते लाडावतं, मग तुझ्यासारखं कुणाचं ऐकत नाही." तू आठवडाभर त्याच्याशी अबोला धरला होतास.

सव्वीस वर्षं आम्ही दोघं एका पाळीत होतो. पुढे मी, मागे तो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या खोक्यावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, मनात नाम घ्यायचं आणि ऐकायचं. बरं असेल तर खडूने एक रेघ. कुरकुर असेल तर दोन. गोल काढला की यंत्र थांबवून बेअरिंग बदलायचं. मग साहेब असो नाहीतर साहेबाचा बाप, माझा गोल पुसायची कुणाची छाती नव्हती. एकशे चाळीस बेअरिंगं, रोज सकाळी.

आता खडू नाही. दोन वर्षांपासून तू केलेलं यंत्र, तुझा 'कान', ऐकतो आणि पडद्यावर हिरवा, पिवळा, लाल दिवा दाखवतो. माझा स्क्रूड्रायव्हर साहेबांच्या खोलीत काचेच्या पेटीत ठेवलाय. शेजारी चौकटीत पेटंटचं प्रमाणपत्र. पाहुणे आले की दाखवतात. त्यावर कोणाची नावं आहेत ते तुला माहीत आहे.

त्या सकाळी एकशे बारापाशी मला वाळू चावल्यासारखा आवाज आला. नुसता हात ठेवला तरी कळत होतं. खिशात हात गेला, तर खडू नव्हता. वर पडद्याकडे पाहिलं, हिरवा. मनात म्हटलं, आपला कान म्हातारा झाला, यंत्राला जास्त कळत असेल. मागून ठिपका आला. "काय मिस्तरी, अडलं का कुठे?" म्हणाला. मी म्हणालो, "काही नाही, हिरवं आहे." त्याच्याशी माझं हे शेवटचं बोलणं.

तुझा कान त्यांच्या हातात कसा गेला, ते या पत्रात लिहिणार नाही. तीन वर्षांपूर्वी घर सोडताना तू मला एकच विचारलं होतंस, "बाबा, आपली वही कुठे आहे?" मी म्हणालो होतो, लगद्याच्या टाकीत गेली.

तुझ्याकडून उत्तराची अपेक्षा नाही. तब्येतीला जप.

बाबा


९ मार्च, रविवार

पोरी,

परवा साहेबांनी बोलावून घेतलं. स्वतः उठून खुर्ची पुढे केली. तीस वर्षांच्या नोकरीत मला कळलंय, साहेबाने खुर्ची पुढे केली की आपण उभंच राहिलेलं बरं. पण बसलो.

"मिस्तरी, सत्तावीस तारखेला चौकशी अधिकारी येणार आहेत. तुमचीच साक्ष महत्त्वाची. साधं सांगायचं, तेल कमी पडलं."

"तेल कमी नव्हतं, साहेब."

"तुम्ही पाहिलंत?"

"सव्वीस वर्षं पाहतोय."

साहेब हसले. "अहो, त्याचं नावच ठिपका. अख्खा कारखाना त्याला त्याच नावाने हाक मारायचा. थेंबाथेंबाने तेल देणारा माणूस. आणखी काय पुरावा हवा?"

मी म्हणालो, "पण पडदा हिरवा होता."

"तेच म्हणतोय मी. पडदा हिरवा होता, म्हणजे बेअरिंग उत्तम होतं. उत्तम बेअरिंग जाम का होतं? तेल नसलं की." मग आवाज मऊ करून म्हणाले, "आपला कान आणखी सात कारखान्यांत बसलाय, मिस्तरी. उद्या यंत्रातच खोट निघाली, तर शोध लावणारा कोण म्हणून विचारतील. प्रमाणपत्रावर माझ्याबरोबर तुमचंही नाव आहे. गेलेला माणूस गेला. त्याला आता काही लागत नाही."

पोरी, एक माणूस जन्मभर आपल्या टोपणनावावर हसत राहिला. मेल्यावर तेच नाव त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभं केलं. आणि बोलायचं मी.

घरी आलो. तुझी आई भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "काय म्हणाले साहेब?"

"काही नाही. चौकशी आहे."

"तुमचं 'काही नाही' मी पंचवीस वर्षं ऐकतेय. मिठाची गुळणी धरून बसायचं आणि वर देवापुढे तासभर डोळे मिटायचे. देवाला तरी सांगता का, की तिथेही काही नाही?"

मी कपडे बदलायला उठलो. ती म्हणाली, "तिचा फोन आला होता. तुमची विचारपूस केली नाही. फक्त म्हणाली, 'बाबांना एवढंच विचार, ठिपकाकाका गेले तो आवाज एक्केचाळीसचा होता का?' म्हणजे काय हो?"

मी म्हणालो, मला नाही कळलं.

मला कळलं होतं. इतक्या दूर बसून तू ओळखलंस. आई म्हणते, आता तू तिथे कसल्याशा ॲपमधली बटणं सरळ करतेस, रंग बदलतेस. "डोकं वापरावं लागत नाही, म्हणून बरं आहे," असं तिला म्हणालीस म्हणे. तिने ते हसून सांगितलं. मला हसू आलं नाही.

एक्केचाळीस नंबरचं बेअरिंग अजून तसंच आहे. त्याच्यावरची लोखंडी जाळी सैल आहे, पहिल्यापासून. बेअरिंग ठणठणीत, पण जाळी थरथरते आणि बरोबर वाळू चावल्याचा आवाज काढते. नवा फिटर तिथे फसायचाच. मी जाळीवर डाव्या हाताचा तळवा दाबायचो आणि मग ऐकायचो, की आतलं बेअरिंग दूध घोटल्यासारखं मऊ. एक रेघ. बरं.

तू मला तो छोटा मायक्रोफोन स्क्रूड्रायव्हरला बांधून दिलास, तेव्हा ही हाताची गोष्ट मी तुला सांगितली नाही. लपवली असं नाही. हात कुठे ठेवतो हे सांगण्यासारखं काही असतं, असं मला वाटलंच नाही. आवाज भरताना हात मोकळा नसायचा, जाळी तशीच वाजायची, आणि संध्याकाळी ती वाळू ऐकूनही मी एक्केचाळीसला 'बरं' म्हणायचो. तीन वर्षं रोज सकाळी आवाज भरून आणायचे आणि संध्याकाळी तू स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकेक वाजवायचीस: "हा?" मी म्हणायचो, "बरं." "हा?" "कुरकुर, सुकी पानं." "हा?" "बदला. वाळू." तू वहीत आवाजाचा नंबर लिहायचीस, माझा शब्द लिहायचीस, पान भरलं की वही पुढे सरकवायचीस. "बाबा, सही. तारीख." मी चिडवायचो, "घरात काय हजेरीपट लावलाय?" तू म्हणायचीस, "उद्या कोणी विचारलं की हे कोणी केलं, तर माझा शब्द चालणार नाही. ही वही चालेल."

मला तेव्हा ते पोरकट वाटायचं. आपण काय कोणाचं चोरलंय, की पुरावा ठेवावा?

बाबा


१६ मार्च, रविवार

पोरी,

आज खरं लिहायचं ठरवून बसलोय. आंघोळ करून, देवाच्या फळीसमोर बसून लिहितो, म्हणजे हात खोट्याकडे वळणार नाही.

कान त्यांनी घेतला नाही. मी दिला.

तुझा पेन ड्राइव्ह घड्याळाखालच्या खिळ्याला लटकवलेला असायचा. तू आंघोळीला गेली होतीस. मी तो खिशात घातला, कारखान्यात गेलो, साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि संध्याकाळी परत आणून त्याच खिळ्याला लावला. तुला कळलंही नाही. तुझा अर्ज तेव्हा जवळजवळ तयार होता. महिन्याभराने तू तो द्यायला गेलीस, तेव्हा तुला सांगितलं की असाच अर्ज आधीच आलेला आहे, आणि शोधकर्ता म्हणून त्यावर तुझ्या बापाचं नाव आहे.

मी का दिला? तीन वर्षं मी स्वतःला एक उत्तर देत आलोय. आमच्या गावच्या शाळेत गुरुजी म्हणायचे, धन दिल्याने सरतं, विद्या दिल्याने वाढते. मला वाटायचं, ज्ञान देवाचं, त्याला पेटंटचं कुलूप लावणारे आपण कोण? यंत्राने माणसं वाचत असतील तर ते आजच लागावं, कागदपत्रांसाठी का थांबावं? हे मला खरंच वाटायचं. अजूनही थोडं वाटतं.

पण ते कारण नव्हतं.

तुझा लेख कुठल्याशा परिषदेत वाचला गेला, तेव्हा तू मला छापील प्रत दाखवलीस. मला इंग्रजी बेताचं. मी माझं नाव शोधत गेलो. शेवटच्या पानावर, अगदी खालच्या ओळीत, बारीक अक्षरात सापडलं. आभार. कॉलेजच्या शिपायाच्या नावाखाली. मी म्हणालो, "छान." दुसऱ्या दिवशी पाळीवर कोणीतरी थट्टा केली, "मिस्तरी, पोरगी कानामागून आली आणि तिखट झाली हो." सगळे हसले, मीही हसलो. ठिपका तेवढा हसला नाही. म्हणाला, "तिखट झाली तर चांगलंच आहे, बापाचं अळणी तरी जाईल." पण मला ते बोचत राहिलं. कान माझा. तीस वर्षं माझा. आणि मी आभारात.

साहेबांना ते कळलं असावं. अशा माणसांना दुसऱ्याची जखम वासाने कळते. त्यांनी बोलावलं आणि म्हणाले, "खरा संशोधक तुम्ही, मिस्तरी. पोरीने फक्त टंकलंय." मला कोणी आयुष्यात संशोधक म्हटलं नव्हतं. मग त्यांनी एक कागद पुढे केला. हे सगळं काम कामाच्या वेळेत, कारखान्याच्या सामानाने, साहेबांच्या मार्गदर्शनाखाली मी केलं, आणि माझ्या मुलीचा त्यात काहीही भाग नाही. खाली माझं नाव टंकलेलं होतं.

ते मी वाचलं. समजलं नाही असं म्हणायची सोय मला नाही. मराठी सातवीपर्यंत गुरुजींनी छड्या मारून शिकवलंय. "काहीही भाग नाही" हे शब्द मी दोनदा वाचले आणि सही केली. पेन त्यांचं होतं, चांगलं वजनदार होतं, हे सुद्धा आठवतं.

नंतर तू दुसऱ्या गावी जाऊन पहिल्यापासून कानाची नवी आवृत्ती करायला घेतलीस, तेव्हा कारखान्याच्या वकिलाची नोटीस तुला गेली: हे तंत्र आमचं आहे, हात लावाल तर खटला. ती नोटीस त्या सहीच्या जोरावर गेली. जिने केलं तीच चोर ठरली. त्यानंतर तू बटणं सरळ करायला लागलीस.

कारखान्याने माझा सत्कार केला, त्याला तू आली नव्हतीस ते बरं झालं. हार जाड होता. मानेला टोचत होता.

बाबा


२३ मार्च, रविवार

पोरी,

काल ठिपक्याच्या घरी गेलो. महिन्यानंतर. आधी जायचं धाडस नव्हतं.

वहिनींनी पाणी दिलं. खुंटीला त्याचा कामाचा सदरा अजून तसाच होता, खिशाच्या कडेला तेलाचा डाग. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्यांनी विचारलं, "दादा, कारखान्यातली माणसं म्हणतात, ह्यांनीच तेल कमी दिलं. खरं आहे का हो?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"घरात हे फार चिकट होते, ते कबूल करते," वहिनी म्हणाल्या. "दिवा लावला तरी वात बारीक करायचे. पण कारखान्यातून आले की म्हणायचे, आज एकशे चाळीस तोंडं भरवली. जेवायला बसताना रोज म्हणायचे. ती भरवल्याशिवाय यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. असा माणूस तेल वाचवेल?"

"नाही वाचवणार," मी म्हणालो.

"मग तुम्ही तसं सांगा ना तिथे. तुमचं ऐकतील. तुमचं नाव भिंतीवर आहे."

त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. टोमणा असता तर सोसला असता.

परत येताना कारखान्याच्या मागच्या रस्त्याने आलो, जिथून लगद्याच्या टाकीची भिंत दिसते. म्हणून आज तुला उरलेलं सांगतो.

वही टाकीत गेली नाही.

सही झाल्यावर साहेब म्हणाले होते, "घरी काही वह्याबिह्या असतील तर त्यांची वाट लावा. आपल्याकडे टाकी आहेच." मी दुसऱ्या दिवशी वही पिशवीत घालून टाकीच्या काठावर नेली. खाली रद्दीचा लगदा गोल फिरत होता. जुन्या वह्या, पेपर, लग्नपत्रिका, सगळं एकाच राखाडी रंगाचं. टाकायच्या आधी, का कोण जाणे, शेवटचं पान उघडलं.

त्यावर तू पेटंटच्या अर्जाचा कच्चा मसुदा लिहिला होतास, पेन्सिलीने. शोधकर्ते: एक, माझं नाव. दोन, तुझं नाव.

मला पहिलं लिहिलं होतंस. मी आभारातली ओळ मोजत बसलो होतो, आणि खऱ्या कागदावर तू मला पहिला ठेवला होतास. महिनाभर थांबलो असतो तर जे न्यायाने मिळणार होतं, ते मी आदल्या दिवशी चोरून आणलं होतं, आणि त्यासाठी तुझं नाव खोडलं होतं.

तेव्हाच साहेबांकडे परत जायला हवं होतं. गेलो नाही. वही घरी आणली, कापडात गुंडाळली आणि देवाच्या फळीवर मागच्या बाजूला ठेवली. रोज तिच्यापुढे उदबत्ती लावली. लोकांना वाटलं देवाला. मलाही वाटायचं.

पण आणखी एक पान आहे, आणि तेच मला जड जातंय. बासष्टावं. तू लाल शाईने लिहिलंय, मी जसंच्या तसं उतरवतो: "४१ नंबर – खोटं बरं. बाबा जाळीवर हात दाबतात ते मायक्रोफोनला कळत नाही. यामुळे कान खरोखर मरणाऱ्या बेअरिंगलाही बरं म्हणू शकतो. दुसरी आवृत्ती होईपर्यंत हे कुठेही बसवू नये."

खाली तुझी सही. तिच्या खाली माझी सही. तारीख.

म्हणजे मला माहीत होतं. तू मला त्या संध्याकाळी समजावून सांगितलं होतंस, डोक्याला हात लावून: "अहो बाबा, आधी का नाही सांगितलंत हाताचं? वर्षभराचं काम वाढलं." आणि तरी हसत होतीस, कारण तुला पुढचा रस्ता दिसला होता. दोन मायक्रोफोन, एक जाळीसाठी. तू लगेच चित्र काढायला लागलीस. ते चित्रही त्रेसष्टाव्या पानावर आहे, अर्धं.

साहेबांच्या माणसांकडे पेन ड्राइव्हमधलं सगळं होतं. हे पान नव्हतं. कोणता आवाज खोटा आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि विचारायची गरजही वाटली नाही. एकशे बाराने वाळू चावली, कानाने एक्केचाळीस आठवून हिरवा दिवा लावला. पान माझ्याकडे होतं. बसवताना मी हजर होतो. फीत कापायला मला पुढे केलं होतं.

मी पेटंटला कुलूप म्हणायचो. आता वाटतं, ते बाळंतिणीच्या खोलीचं दार असावं. कायमचं बंद ठेवायला नसतं ते. मूल वाऱ्यात यायला तयार झालं की उघडायचंच असतं. पण कधी उघडायचं, ते आईने सांगायचं, कारण मुलाचं काय कच्चं आहे ते तिलाच माहीत असतं. मी दार आतून उघडून दिलं आणि ओलं मूल परक्याच्या हातात ठेवलं. त्यांनी त्याला तसंच कामाला जुंपलं. आणि आईला सांगितलं, तू जवळ यायचं नाहीस. तुझ्या हाती ते राहिलं असतं, तर गेल्या तीन वर्षांत तू दुसरी आवृत्ती केली असतीस, तिसरीही केली असतीस. ठिपका आज एकशे चाळीस तोंडं भरवून जेवायला बसला असता. उरलेल्या सात कारखान्यांत रोज सकाळी कोणीतरी कुपी घेऊन हिरव्या दिव्याखाली वाकतं, त्यांना यातलं काही माहीत नाही.

वही बाहेर काढली तर तुझं नाव परत येतं आणि माझ्यावर दोन गुन्हे लागतात: खोट्या कागदावरची सही एक, आणि माहीत असून गप्प राहिल्याचा दुसरा. न काढली तर ठिपका तेलचोर ठरतो. हे सगळं आईला आज दुपारी सांगितलं. तिने उठून फळीवरून वही काढली, कापड झटकलं आणि माझ्यासमोर ठेवली.

"तीन वर्षं मी या कापडाला हात जोडले," म्हणाली. "पोथी समजून."

नंतर म्हणाली, "जाताना सदरा इस्त्रीचा घालून जा. गुन्हेगारासारखं जाऊ नका, आणि सत्काराला गेल्यासारखंही नको."

बाबा


२८ मार्च, शुक्रवार

पोरी,

काल चौकशी झाली आणि आज मी पेटंटच्या कार्यालयात जाऊन आलो. बसने चार तास. परतीच्या बसमध्ये लिहितोय, अक्षर हलतंय.

काल साहेब माझ्या शेजारीच बसले होते. अधिकाऱ्याने विचारलं, "तेल कमी होतं का?" मी म्हणालो, "तेल पुरेसं होतं. माहिती कमी होती, आणि ती माझ्याकडे होती." बासष्टावं पान उघडून पुढे ठेवलं. अधिकारी वाचत असताना साहेब माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "मिस्तरी, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय." मी म्हणालो, "साहेब, धोंडा पडून महिना झाला. खाली दुसराच होता."

अधिकाऱ्याने पानाची छायाप्रत घेतली आणि सात कारखान्यांना कळवायला सांगितलं: पडदे बंद, जुनी तपासणी सुरू. मला गेटवर ओळखपत्र काढून द्यावं लागलं. पोलिसांत जबाब सोमवारी आहे. साहेबांच्या खोलीच्या दारातून काचेची पेटी दिसत होती. स्क्रूड्रायव्हर मागितला, पण ती कारखान्याची मालमत्ता आहे, म्हणाले. असू दे.

आज पेटंटच्या कार्यालयात एक बाई होत्या, तुझ्याहून चारेक वर्षांनी मोठ्या. शपथपत्र दोनदा वाचलं, वही पान पान उलटून पाहिली. पेन्सिलीच्या मसुद्यापाशी बराच वेळ थांबल्या.

"काका, यात तुम्ही स्वतःलाच अडकवताय. वकिलाशी बोललात?"

"बायकोशी बोललो."

त्या किंचित हसल्या. मग म्हणाल्या, "याचा निकाल लगेच लागणार नाही. कारखाना भांडेल. पण ही वही भक्कम आहे, प्रत्येक पानावर तारीख आहे. सांभाळून कोणी ठेवली?"

मी म्हणालो, "जिने पानोपानी सही करायला लावली, तिने." ते खोटं होतं की खरं, मला ठरवता आलं नाही.

त्यांनी खऱ्या शोधकर्त्याची नोंद करायचा अर्ज पुढे ओढला. "मसुद्यात दोन नावं आहेत. पहिलं तुमचं. आणि आवाज ओळखले तुम्हीच, वहीत तसं स्पष्ट आहे. कायद्याने तुमचा हक्क बसू शकतो. दोन्ही लिहू?"

पोरी, मी लगेच नाही म्हणालो, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी खिडकीकडे पाहिलं. बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, आणि तिच्या बेअरिंगमध्ये कुरकुर होती. दोन रेघा. मनात नाम घेतलं.

म्हणालो, "ऐकलं मी. पण ऐकून जो गप्प बसला, त्याला शोधकर्ता म्हणू नये. एकच लिहा."

"बरं. पूर्ण नाव सांगा."

मी सावकाश सांगितलं, त्यांना लिहिता येईल असं. आधी तुझं नाव, मग माझं, मग आडनाव. त्यांनी लिहिलं आणि कागद माझ्याकडे फिरवून दाखवला. मी बोट ठेवून वाचलं. माझं नाव मधे होतं, बापाचं असतं तेवढंच. खाली सही केली, तारीख टाकली, आणि वही त्यांच्याकडे सोपवून बाहेर आलो.

तुझे
बाबा